वाळवंटाच्या माथी फोडलेलं खापर

आमच्या वाचनगटानं यंदा मे महिन्यात लुईस अल्बर्टो उरेआ यांचं 'द डेव्हिल्स हायवे' हे पुस्तक चर्चेला घेतलं होतं. २००४ साली निघालेलं हे पुस्तक कादंबरी नाही. मे २००१ मध्ये मेक्सिकोतून चोरवाटेनं अमेरिकेत शिरलेल्या २६ माणसांची ती खरी हकिकत आहे. ॲरिझोनाच्या वाळवंटात ही माणसं भरकटली, त्यांच्याजवळचं पाणी संपलं आणि त्यांतले १४ जण उन्हानं आणि तहानेनं मेले. चर्चा सुरू होऊन दहा मिनिटं झाली नसतील, तोच गटातल्या एका ज्येष्ठ सभासदांनी पुस्तक मिटलं आणि म्हणाले, "वाईट झालं, पण यात कुणाचा काय दोष? वाळवंटात शिरल्यावर माणूस मरणारच. त्यांना कुणी बोलावलं होतं का?"

बऱ्याच माना डोलल्या. गृहस्थ विचारी आहेत, भरपूर वाचणारे आहेत, म्हणूनच त्यांचं बोलणं मनाला लागलं. आपल्यापैकी पुष्कळांच्या मनात जे असतं तेच ते मोकळेपणानं बोलले. त्यांच्या बोलण्याला सविस्तर उत्तर द्यावं, म्हणून हा लेख.

आधी घटना नीट समजून घेऊ. मेक्सिकोच्या पूर्व किनाऱ्यावर व्हेराक्रूझ नावाचं राज्य आहे. तिथल्या डोंगरउतारावर कॉफी पिकते. या २६ जणांतले बहुतेक त्या मुलखातले, थोड्याशा जमिनीवर आणि दुसऱ्यांच्या मळ्यांत राबणारे. उत्तरेत काम आहे, नेण्याची व्यवस्था करतो, असं सांगणारा एक दलाल त्यांच्या गावांत फिरत होता. वाटखर्चासाठी अनेकांनी व्याजानं पैसे उचलले. ऊसतोडीच्या टोळ्या बांधणारा मुकादम आणि त्यानं दिलेली उचल ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ही सुरुवात ओळखीची वाटेल.

सीमा ओलांडायला त्यांना काही तासांची चाल सांगितली होती. रात्रीत डांबरी रस्ता लागणार होता. त्यांना नेणारा वाटाड्या विशीसुद्धा न ओलांडलेला पोरगा होता. अंधारात वाट चुकली आणि तो त्यांना भलत्याच दिशेनं काबेसा प्रिएताच्या ओसाड रानात घेऊन गेला. तापमान चाळीस अंशांच्या बरंच वर होतं. पाणी संपल्यावर त्यानं सगळ्यांकडचे उरलेसुरले पैसे गोळा केले आणि पाणी घेऊन येतो असं सांगून तो निघून गेला. २३ मे रोजी सीमेवर गस्त घालणाऱ्या एका शिपायाला काही माणसं दिसली, तेव्हा कुठे जगाला याचा पत्ता लागला. मेलेल्यांत एक बाप होता आणि त्याचा मिसरूड न फुटलेला मुलगाही होता. त्या प्रदेशातून जाणाऱ्या जुन्या वाटेला स्पॅनिश भाषेत 'एल कामिनो देल दियाब्लो', म्हणजे सैतानाचा रस्ता म्हणतात. एकोणिसाव्या शतकात कॅलिफोर्नियातल्या सोन्यामागे धावलेली शेकडो माणसंही याच वाटेवर मेली होती.

आता पूर्वपक्ष मांडतो. त्या संध्याकाळी गटात निघालेले आणि एरवीही ऐकू येणारे आक्षेप पाच आहेत. पहिला, ही माणसं निसर्गानं मारली. दुसरा, त्यांनी कायदा मोडला आणि त्याचं फळ भोगलं. तिसरा, दोष असलाच तर पैसे घेऊन माणसं नेणाऱ्या दलालाचा आहे. चौथा, अशी पुस्तकं भावना चाळवतात, मेलेल्या माणसांच्या मनात काय होतं ते लेखकाला कसं कळलं? पाचवा, अमेरिकेच्या सीमेवरच्या या मरणाशी मराठी वाचकाचा काय संबंध? यातला एकही आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. चौथ्यात तर बरंच तथ्य आहे. पण पहिले तीन तपासून पाहिले की पोकळ निघतात, आणि पाचवा आपल्या दाराशी येऊन थांबतो.

पहिला आक्षेप निसर्गाचा. वाळवंट माणसं मारतं, हे जर खरं असेल तर तोहोनो ओओधाम लोकांचं काय करायचं? ही आदिवासी जमात त्याच सोनोरा वाळवंटात पिढ्यान्‌पिढ्या जगत आली आहे. पाणी कुठे साठतं, सग्वारो निवडुंगाची फळं कधी पिकतात, कोणत्या दिवसांत कुठे राहायचं हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिका आणि मेक्सिकोनं जमिनीचा सौदा केला आणि त्यांच्या मुलखावरून सीमारेषा ओढली. आजही त्यांच्या राखीव भूमीची सुमारे १०० किलोमीटर कड या सीमेला लागून आहे. तेव्हा, जो त्या वाळवंटाचा आहे तो तिथे जगतो. व्हेराक्रूझच्या हिरव्यागार डोंगरातला शेतकरी तिथे परका होता. मग प्रश्न असा की तो तिथे आला कसा? १९९० च्या आधी त्याच्यासारखा माणूस त्या वाटेनं सहसा जातच नव्हता.

या प्रश्नाचं उत्तर एका सरकारी कागदात आहे. तोवर मेक्सिकोतून चोरून जाणारे बहुतेक लोक शहरांजवळून जात. तिखुआनाहून सान डिएगो, हुआरेझहून एल पासो असा त्यांचा मार्ग असे. पकडले तर परत पाठवत, पुन्हा प्रयत्न होई. मरण क्वचित येई. १९९३ मध्ये एल पासोला आणि १९९४ मध्ये सान डिएगोला अमेरिकेनं शहरालगतची सीमा गस्तीनं, कुंपणांनी आणि दिव्यांनी बंद केली. सान डिएगोच्या मोहिमेला 'ऑपरेशन गेटकीपर' असं नाव होतं. त्याच वर्षी सीमा गस्त दलानं आपला धोरणआराखडा तयार केला. नेहमीच्या वाटा बंद झाल्या की लोक एकतर येणं थांबवतील किंवा अधिक खडतर प्रदेशाकडे ढकलले जातील, असं त्या आराखड्यात साफ लिहिलं आहे. या धोरणाला त्यांनी नाव दिलं 'अटकावातून प्रतिबंध'. भिंत जिथे बांधायची नव्हती तिथे भिंतीचं काम वाळवंटानं करायचं होतं. अमेरिकेच्या तेव्हाच्या इमिग्रेशन खात्याच्या प्रमुख डोरिस माइसनर यांनी पुढे २००० साली कबूल केलं की, भूगोल आपल्या मदतीला येईल आणि तिथली परिस्थिती कळल्यावर येणाऱ्यांचा ओघ आटेल, असा त्यांचा अंदाज होता.

ओघ आटला नाही, वाट तेवढी बदलली. अमेरिकेच्या संसदेसाठी सरकारी कारभाराचा हिशेब तपासणाऱ्या जीएओ या संस्थेनं २००६ मध्ये अहवाल दिला. १९९५ ते २००५ या दहा वर्षांत सीमेवरचे मृत्यू दुपटीनं वाढले आणि वाढीचा तीन चतुर्थांशाहून मोठा वाटा ॲरिझोनातल्या टुसॉन विभागाचा होता. चोरून येणाऱ्यांची संख्या मात्र त्या प्रमाणात वाढलेली नव्हती. त्या दहा वर्षांत वाळवंट काही अधिक कोरडं झालं नव्हतं. माणसं दुप्पट झाली नव्हती आणि वाळवंटही तेच होतं, तरी मरणं दुप्पट झाली. यात बदललं असेल तर ते फक्त धोरण.

आमच्या गटात कुणीतरी म्हणालं, "पण पुरेसं पाणी न घेता निघालेच कसे?" हा प्रश्न विचारणाऱ्यानं साधं गणित करावं. भर उन्हात, चढउतारावर चालणाऱ्या माणसाला दिवसाला आठ-दहा लिटर पाणी लागतं. चार दिवसांच्या वाटेचं पाणी म्हणजे पस्तीस-चाळीस किलोंचं ओझं झालं. ते खांद्यावर घेऊन चाललं तर घाम आणखी वाढतो आणि पाणी आणखी लागतं. सांगितलेल्या काही तासांसाठी त्यांच्याजवळचं पाणी पुरलं असतं. चार दिवसांचं पाणी कुठलाच माणूस स्वतः वाहून नेऊ शकत नाही. त्या वाटेची लांबी आणि माणसाच्या पाठीची ताकद यांचा मेळच बसत नाही, आणि धोरण आखणाऱ्यांना हा भूगोल माहीत होता. मराठवाड्यात मे महिना काढलेल्या माणसाला तरी हे पटवून द्यावं लागू नये.

दुसरा आक्षेप कायद्याचा. सीमा राखण्याचा देशाला अधिकार आहे, हे मला पूर्ण मान्य आहे. विनापरवाना शिरणं गुन्हा आहे, हेही मान्य. मग या गुन्ह्याला अमेरिकेचा कायदा काय शिक्षा सांगतो ते पाहू. पहिल्यांदा बेकायदा प्रवेश करणाऱ्याला जास्तीत जास्त सहा महिने कैद. कायदा मानणाऱ्या माणसानं इथेच थांबून विचार करायला हवा. कोणत्याही न्यायाधीशानं कधीही न सुनावलेली देहदंडाची शिक्षा वाळूत परस्पर अमलात येते आणि तिला आपण 'फळ' म्हणतो. कायद्याविषयी ज्याला आदर आहे, त्याला तर या गोष्टीची सगळ्यांत जास्त चीड यायला हवी.

'रीतसर रांगेत का उभे राहिले नाहीत?' हा याच आक्षेपाचा धाकटा भाऊ. त्या शेतकऱ्यासाठी रांगच नव्हती. बिनकौशल्याच्या कामासाठी अमेरिकेत कायमचं राहायला देणाऱ्या व्हिसांची मर्यादा १९९० च्या कायद्यानं सगळ्या जगासाठी मिळून वर्षाला १०,००० ठेवली. हंगामी व्हिसे आहेत, पण त्यासाठी अर्ज अमेरिकेतल्या मालकानं करायचा असतो, मजुरानं नाही. दुसरीकडे अमेरिकेच्या शेतीखात्याची आकडेवारी सांगते की, तिथल्या शेतांत पीक काढणाऱ्या मजुरांपैकी दहांतले चार जण कागदपत्रांविना राबतात. १९४२ ते १९६४ या काळात 'ब्रासेरो' योजनेखाली अमेरिकेनंच मेक्सिकन मजुरांना बोलावून घेतलं होतं आणि त्यांच्याशी ४५ लाखांहून अधिक करार केले होते. योजना संपली, पण शेतांची मजुरांची गरज संपली नाही. 'कुणी बोलावलं होतं का?' या प्रश्नाचं सरळ उत्तर 'हो' असं आहे. पुढचं दार बंद ठेवून मागच्या दारानं काम करून घेणाऱ्या बाजारानं त्यांना बोलावलं होतं.

गावात राहून पोट भरलं नसतं का, असंही विचारलं जातं. तर कॉफीचं ऐका. जगातली कॉफीची विक्री कोट्यानं बांधून भाव टिकवणारा आंतरराष्ट्रीय करार १९८९ मध्ये कोलमडला. आधी पौंडाला सव्वा डॉलरच्या आसपास असलेला भाव २००१ मध्ये ४५ सेंटवर आला. तोडणीची मजुरीही त्यात सुटेना. १९९४ पासून उत्तर अमेरिकेचा मुक्त व्यापार करार लागू होता. माल आणि भांडवल त्यामुळे सीमेपलीकडे मोकळेपणानं जाऊ लागलं. माणसाला मात्र ती मोकळीक मिळाली नाही. कापसाचा आणि कांद्याचा भाव पडल्यावर गावं कशी रिकामी होतात हे आपण डोळ्यांनी पाहतो. व्हेराक्रूझचे शेतकरी हौसेनं निघाले नव्हते.

तिसरा आक्षेप दलालाचा. हा आक्षेप सगळ्यांना सोयीचा आहे, कारण यात खलनायक समोर उभा करता येतो. वाटाड्यानं पैसे घेऊन माणसं टाकून दिली, हा घोर अपराध होता. त्याला १६ वर्षांची शिक्षा झाली आणि ती योग्यच होती. उरेआही त्याला सोडत नाहीत. पण ज्या धोरणआराखड्याचा वर उल्लेख केला, त्यात मोहिमेच्या यशाच्या खुणा नोंदवल्या आहेत. तस्करांचे दर वाढणं ही त्यांतली एक खूण. शहरातून दोन तासांत पलीकडे जाता येत होतं तेव्हा वाटाड्याची गरज नव्हती, असली तर तो थोडक्या पैशांत मिळत होता. वाट वाळवंटातून गेल्यावर हा धंदा मोठ्या टोळ्यांच्या हाती गेला, दर हजारो डॉलरांवर पोचले आणि टोळीच्या तळाशी उपाशी पोरं वाटाडे म्हणून कामाला लागली. दलालाचे दर वाढणं ज्या धोरणाला यश वाटतं, त्या धोरणाला नंतर दलालाकडे बोट दाखवून हात झटकता येणार नाहीत. त्याच जीएओनं १९९७ च्या अखेरीस दिलेल्या एका अहवालात, हे धोरण कितपत यशस्वी होतं आहे ते मोजण्याच्या निकषांत सीमेवरच्या मृत्यूंचाही समावेश होता. मृत्यू मोजायचे आहेत हे ज्यांनी आधीच लिहून ठेवलं होतं, त्यांना नंतर तो अपघात म्हणता येईल का?

आणि दोष वाळवंटाचा किंवा दलालाचाच असता, तर पाणी ठेवणाऱ्यांवर खटले का भरले गेले असते? आपल्याकडे उन्हाळ्यात पाणपोई घालणं हे पुण्याचं काम. रांजण भरून ठेवायचा, पिणाऱ्याची जात-गाव विचारायचं नाही. ॲरिझोनात 'ह्युमेन बॉर्डर्स' या संघटनेनं वाळवंटात पाण्याची पिंपं ठेवली आणि लांबून दिसावीत म्हणून त्यांवर निळी निशाणं लावली. तिथली ती पाणपोईच. 'नो मोअर डेथ्स' या दुसऱ्या संघटनेचे स्वयंसेवक स्कॉट वॉरन तेव्हा भूगोलाचे अध्यापक होते. दोन स्थलांतरितांना अन्न, पाणी आणि निवारा दिला म्हणून २०१८ मध्ये त्यांना अटक झाली. पहिल्या खटल्यात ज्यूरीचं एकमत झालं नाही, सरकारनं पुन्हा खटला चालवला आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये ते निर्दोष सुटले. पाण्याचा घोट गुन्हा ठरू शकतो, हे कळल्यावर तहानेला निव्वळ निसर्ग म्हणता येत नाही.

चौथा आक्षेप पुस्तकाच्या प्रकारावरचा आहे आणि त्याला मी गंभीरपणे घेतो. मेलेल्या माणसाचे शेवटचे विचार कुठल्याच कागदावर नसतात. उरेआ यांची शैली काव्याकडे झुकते आणि काही ठिकाणी मीही पान उलटताना अडखळलो की, हे नोंदीतून आलं की लेखणीतून? अशा लेखनाला एक नियम असायला हवा. जे कळलं ते आणि जे तर्कानं भरलं ते वाचकाला वेगळं ओळखता आलं पाहिजे. तो नियम सैल झाला तर मेलेल्यांवर दुसऱ्यांदा अन्याय होतो, कारण त्यांच्या तोंडी आपण आपले शब्द घालतो.

पण एवढ्यावरून पुस्तक 'भावना चाळवणारं' ठरत नाही. वाचलेल्यांच्या जबान्या, गस्त दलाच्या नोंदी, वकिलातीचे कागद, न्यायालयातलं बोलणं यांचा आधार त्याला आहे. पुस्तकाचा सगळ्यांत हादरवणारा भाग उष्माघाताचा आहे आणि तो चक्क शरीरशास्त्र आहे. थकव्यापासून पेटके, भोवळ, भ्रम आणि मरण इथवर शरीर कोणत्या पायऱ्यांनी खाली जातं, ते लेखक वाचकालाच संबोधून सांगतो. अंगावरचे कपडे माणसं का फाडून टाकतात, हे त्यात कळतं. त्याहून मोठी गोष्ट अशी की, गस्त दलाच्या शिपायांना लेखक राक्षस करत नाही. पावलांचे ठसे वाचण्याचं त्यांचं कसब, ताजे ठसे उमटावेत म्हणून मातीवरून टायर ओढून ती सपाट करण्याची त्यांची रीत, आणि माणसं मरताहेत हे कळल्यावर त्यांनी केलेली धावपळ, हे सगळं तो आदरानं लिहितो. ज्यांनी उरलेल्या १२ जणांचा जीव वाचवला, ते याच दलाचे लोक होते. भावना चाळवणाऱ्या लेखकाला एवढं न्यायी राहणं जमलं नसतं.

या पुस्तकाच्या शेजारी मानववंशशास्त्रज्ञ जेसन द लिऑन यांचं 'द लँड ऑफ ओपन ग्रेव्हज' हे २०१५ मधलं पुस्तक ठेवावं. त्यांनी मेलेल्या डुकरांना माणसांचे कपडे घालून ती सोनोराच्या वाळवंटात ठेवली आणि पुढे काय होतं याची नोंद केली. गिधाडं आणि कुत्री यांनी थोड्याच दिवसांत सांगाडे उघडे पाडले, हाडं आणि कपडे लांबवर विखुरले. वाचताना मळमळलं, पण या प्रयोगातून एक गोष्ट पक्की झाली. जे मृतदेह सापडतात त्यांचीच मोजणी होते. न सापडलेले वाळूत मिसळून जातात आणि आकड्यातूनही पुसले जातात. टुसॉनच्या पिमा परगण्यात शवचिकित्सा करणाऱ्या सरकारी कार्यालयात आजही ओळख न पटलेले हजाराहून अधिक अवशेष नोंदलेले आहेत. इथे भावना कुठे आहे? हा सरळ पुरावा आहे.

आता मंडनाकडे येतो. मग अशा पुस्तकाचं काम काय? माझं उत्तर एका ओळीचं आहे. बातमी जिथे 'अपघात' म्हणून थांबते, तिथून मागे चालत जाऊन कारणापर्यंत पोचणं, हे त्याचं काम. संयुक्त राष्ट्रांच्या स्थलांतर संघटनेनं २०२२ मध्ये अमेरिका-मेक्सिको सीमेवर ६८६ मृत्यू आणि बेपत्ता झाल्याच्या घटना नोंदवल्या आणि ही जमिनीवरची जगातली सर्वांत प्राणघातक स्थलांतरवाट ठरवली. हा आकडा ऐकून माणूस हळहळतो आणि चहा घेतो. २६ माणसांच्या चार दिवसांची हकिकत वाचताना तसं करता येत नाही, कारण पानोपानी एक विचार उभा राहतो की इथे वाट फुटत होती, इथे कुणीतरी वेगळं ठरवलं असतं तर ही माणसं वाचली असती. कॉफीचा भाव, व्याजाचे पैसे, बंद केलेली शहरं, आराखड्यातलं वाक्य, चुकलेली वाट, संपलेलं पाणी ही सगळी एका साखळीच्या कड्यांसारखी दिसू लागतात. कादंबरी करुणा जागवू शकते, अहवाल आकडा देऊ शकतो. सत्यकथनाचं पुस्तक या दोन्हींना जोडून जबाबदारी कुठे आहे ते दाखवतं. कुठलं तरी एक नाव घेऊन मोकळं होऊ देत नाही.

उरला पाचवा आक्षेप. आपला काय संबंध? जून २०१९ मध्ये ॲरिझोनातल्या ल्यूकव्हिलजवळ, याच वाळवंटात, एक सहा वर्षांची मुलगी मृत सापडली. ती भारतातली होती. आई पाणी शोधायला गेली होती, तेवढ्यात तिनं प्राण सोडला. सप्टेंबर २०२३ ला संपलेल्या एका वर्षात अमेरिकेच्या सीमांवर भारतीयांना पकडल्याच्या ९६,९१७ नोंदी झाल्या. ५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकेचं लष्करी विमान १०४ भारतीयांना घेऊन अमृतसरला उतरलं. त्यांत बहुतेक हरियाणा, गुजरात आणि पंजाबचे होते, पण तिघे महाराष्ट्रातले होते. आपल्याकडे या चोरवाटेला 'डंकी' म्हणतात. शब्दसुद्धा आपल्या बोलीत रुळला आणि तरी आपण विचारतो, आपला काय संबंध?

संबंध याहूनही जवळचा आहे. करोनाच्या टाळेबंदीत, ८ मे २०२० च्या पहाटे, तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यात करमाडजवळ मालगाडीखाली १६ मजूर चिरडले गेले. ते मध्य प्रदेशातले होते, जालन्याहून भुसावळकडे पायी निघाले होते आणि दमून रुळांवरच झोपले होते. रुळांवर विखुरलेल्या पोळ्यांचं छायाचित्र अनेकांना आठवत असेल. तेव्हा आपण सगळ्यांनी काय विचारलं? 'रुळांवर झोपले कशाला?' सर्वोच्च न्यायालयातल्या सुनावणीतही हाच प्रश्न निघाला की, कुणी रुळांवर झोपलं तर त्याला थांबवायचं कसं? मीही त्या दिवशी घरात बसून हाच प्रश्न विचारला होता, याची मला आज शरम वाटते. बस बंद होत्या, गाड्या बंद होत्या, रस्त्यांवर नाकाबंदी होती, मजुरी बंद होती. चार तासांच्या मुदतीनं सगळं काही बंद करण्याचा निर्णय ज्यांनी घेतला, त्यांना कुणी विचारलं नाही की पोटासाठी गाव सोडलेला माणूस आता घरी कसा जाईल. सगळ्या वाटा बंद झाल्यावर जी एक उरली, तिच्यावर तो चालला. व्हेराक्रूझच्या माणसासमोर वाळवंट उरलं होतं, जालन्याच्या मजुरासमोर रूळ उरले होते.

वाचनगटातल्या त्या ज्येष्ठ सभासदांना माझं सांगणं एवढंच आहे. वाळवंट कुणाला मारायला निघालेलं नसतं आणि रूळही नसतात. माणसं तिथपर्यंत पोचतात ती दुसऱ्या वाटा बंद झालेल्या असतात म्हणून, आणि वाटा बंद करण्याचा निर्णय कुणीतरी, कुठल्यातरी तारखेला, कागदावर सही करून घेतलेला असतो. तो कागद शोधून काढणं कठीण नाही, कारण बहुतेक वेळा तो गुप्तही नसतो. उरेआ आणि द लिऑन यांच्यासारखे लेखक तो आपल्यासमोर ठेवतात. त्यांची पुस्तकं वाचा, वाचनगटांत चर्चेला घ्या, मराठीत आणता आली तर आणा. आणि यापुढे वाळूत, समुद्रात किंवा रुळांवर माणसं मेल्याची बातमी आली, तर 'ते तिथे गेलेच कशाला?' असं विचारण्याआधी 'त्यांच्या बाकीच्या वाटा कुणी बंद केल्या?' हा प्रश्न विचारा.